सुटली म्हण

त्या वर्षी मला वक्तृत्वाची बाधा झाली होती. गोवर, कांजिण्या सगळं मी वेळच्या वेळी उरकलं होतं, हे दुखणं मात्र नववीत लागलं आणि अंगात मुरलं. शाळेच्या स्पर्धेत एकदा पहिला नंबर आला आणि त्यानंतर मी साधं बोलणं सोडूनच दिलं. कपाटाच्या आरशासमोर उभी राहायची, उजवा हात पुढे, मान किंचित तिरकी आणि आवाजात कंप. कंप फार महत्त्वाचा. आमच्या मराठीच्या बाई सांगत, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की भाषण झालं. तेव्हापासून मी दिसेल त्याच्या डोळ्यांत पाणी आणायच्या मागे लागले होते. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते आईला सांगत, "कुंदाला दुधाला पाठवू नकोस. ती केंद्रावरच्या बाईला आधी वंदन करील, तोवर बाटल्या संपतील." आज माझी नात फोन माझ्या तोंडासमोर धरते आणि जुनं काहीतरी सांग ना म्हणते, तेव्हा मी ओठ मिटून घेते. तिला वाटतं, आजी लाजली. लाजते कसली. या तोंडाने एकदा काय करून ठेवलंय ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहून देतेय. लिहिताना निदान आवाज तरी लावता येत नाही.

आम्ही अंधेरीला पूर्वेकडे राहायचो. दुसरा मजला, दोन खोल्या, लांब गॅलरी आणि गॅलरीसमोर डोंगर. डोंगर म्हणजे अर्धा खाऊन टाकलेला डोंगर, खडीच्या खाणी होत्या तिथे. दुपारी सुरुंग उडायचे. आधी लांबवर कोणीतरी शिट्टी फुंकायचा, मग धडाम. फळीवरचे पितळी डबे एकमेकांना टेकून किणकिणायचे आणि आई मान वरही न करता म्हणायची, "एक वाजला, पानं घ्या." अण्णा साकीनाक्याला एका कारखान्यात कारकून होते. यंत्राला त्यांनी जन्मात हात लावला नसेल, पण घरी यायचे ते तेलाचा वास घेऊन, आणि आल्या आल्या मोरीत जाऊन लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, जणू दिवसभर सगळा कारखाना तेच फिरवत होते. मोरीत तांब्याचा बंब होता. आई त्यात नारळाच्या शेंड्या घालायची, आणि पाणी तापायला लागलं की बंब बारीक आवाजात गुणगुणायचा. माझ्या लहानपणातल्या सगळ्या सकाळी त्या आवाजाने आणि त्या धुराने उजाडलेल्या आहेत. मोरीच्या दाराला आतून कडी नव्हती. घरच्यांत कोण कडी लावतं?

आई महिला मंडळात होती, आणि मंडळ एका आश्रमाला मदत करायचं. रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला गेलं की वर्सोव्याच्या रस्त्यावर नारळाच्या वाडीत एक बैठा बंगला होता, तो हा आश्रम. पाटीवर बालिकागृह असं लिहिलेलं, पण अख्खी अंधेरी त्याला अनाथाश्रमच म्हणायची. खरं तर अनाथ त्यातल्या थोड्याच. बऱ्याच जणींना आई, बाप, काका, मामा सगळे होते, आणि त्यांच्याच हातून सोडवून कोणा शेजाऱ्याने किंवा पोलिसांनी त्यांना तिथे आणलं होतं. मंडळात हे कोणी मोठ्याने बोलत नसे. अनाथ म्हटलं की सोपं जायचं, करंज्या वाटता यायच्या. वर्षातून एकदा मंडळ कापडाचा एक अख्खा तागा आणून सगळ्या मुलींना फ्रॉक शिवून द्यायचं. त्यामुळे बाजारात, रस्त्यात, कुठेही दिसली तरी ही आश्रमाची मुलगी हे लांबूनच कळायचं. बायकांना त्याचं केवढं कौतुक, आणि मलाही. याखेरीज आश्रमाला मदत करणारी आणखी एक बाई होती, वर्सोव्याची हिराबाय कोळीण. दर शुक्रवारी बाजारातून परतताना पाटीत उरलेली मांदेली, बोंबील जे असेल ते ती आश्रमाच्या मागच्या दारी ओतायची आणि पायरीवर बसून मुलींच्या डोक्यातल्या उवा काढायची. ती मंडळात नव्हती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मंडळाचा एक रिवाज असा की दिवाळीचे चार दिवस आश्रमातली एकेक मुलगी एकेका घरी पाहुणी जायची. कुठली मुलगी कोणाकडे, याच्या चिठ्ठ्या निघायच्या. आमच्याकडे पहिल्यांदाच पाहुणी येणार होती आणि मी तिची कल्पना पक्की करून ठेवली होती. चार-पाच वर्षांची, कुरळ्या केसांची, ताई ताई करत मागे फिरणारी, आणि मधूनमधून रडणारी. रडली की डोळे पुसायला मी एका रुमालावर गुलाबाचं फूलसुद्धा भरलं होतं. आली ती यमू. दहा वर्षांची, काटकुळी, कपाळ मोठं, केस कातरलेले, आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. तिने घर असं न्याहाळलं जणू भाड्याने घ्यायचंय. गॅलरी, मोरी, दोन्ही दारं पाहून झाल्यावर विचारलं, "रात्री कोण कोण असतं इथे?" आईने सगळ्यांची नावं सांगितली. मग ती पिशवी कोपऱ्यात ठेवून बसली. मला ताई म्हणायचं, असं मी तिला तीनदा सुचवलं. तिने मला काहीच म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली की समोर येऊन उभी राहायची.

पहिल्याच दुपारी सुरुंग उडाला तर ती दचकलीही नाही. फटाके तर लवंगी हातात धरून लावायची आणि वात पेटल्यावर फेकायची, खालची मुलं टकमक बघत राहायची. पण आई फराळाचं करायला बसली की स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. गॅलरीत बसायची, अशा जागी की कढई दिसावी पण कोणाचा हात पोचू नये. आईने थालीपीठ लावलं आणि उलथणं तव्यावर आपटलं की यमू उठून जिन्याकडे चालू लागायची. मला वाटलं, काय ही आळशी मुलगी. शेजारच्या मैत्रिणीला मी सांगितलंसुद्धा, आमची पाहुणी कामाला नको आणि खायला पुढे. खायला ती खरंच पुढे होती. चकल्या उशीच्या अभ्र्यात लपवायची. आईने अभ्रा झटकताना त्या पाहिल्या, परत आत ठेवल्या आणि वर आणखी दोन घातल्या. मी ते पाहिलं आणि आई वेंधळी आहे असं ठरवलं. वडिलांचं विचारलं तर यमू मोकळेपणाने बोलायची. वडील जहाजावर होते. मोठ्या जहाजावर, लाल रंगाच्या. लांबच्या देशांत जायचे, म्हणून तिला आश्रमात ठेवलेलं. जहाजावर किती खोल्या, जेवायला काय देतात, वादळ आलं की भांडी कशी बांधून ठेवतात, सगळं तिला ठाऊक. आश्रमातल्या मुलींत या जहाजामुळे तिला मान होता, तेही तिने सांगितलं. जहाजावरचा बाप दुसऱ्या कोणाला नव्हता.

नरकचतुर्दशीला आमच्याकडे उजाडायच्या आत अंघोळी व्हायच्या. मोरीत पाट, पाटाभोवती रांगोळी, कोपऱ्यात पणती. आई प्रत्येकाला तेल लावायची, मग उटणं. यमूची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, माझं मी करीन. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, तेलाची वाटी तिच्या हातात दिली, बंबातलं पाणी काढून दिलं, दार लोटलं आणि ती चहाचं बघायला निघून गेली. झालं, माझं डोकं फिरलं. दिवाळीच्या अंघोळीला स्वतःच्या हाताने तेल? मग मोठी बहीण कशाला असते? लहान बहीण मला देवाने दिली नव्हती, मंडळाने दिली होती, चार दिवसांसाठी, आणि त्यातले दोन संपत आले होते. मी उटण्याची वाटी उचलली आणि दार ढकललं.

ती पाटावर पाठमोरी बसली होती. पाठीवर चार डाग होते. आकार मला लगेच ओळखता आला, कारण आदल्या संध्याकाळी त्याच आकाराने मी थालीपीठ उलटलं होतं. मी किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही, बोटांवरचं उटणं वाळून कडक झालं होतं एवढं आठवतं. ती ओरडली नाही. फ्रॉक ओढून अंगाभोवती घेतला आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, कोणी. ती म्हणाली, बाबांनी. तेव्हा आई कुठे होती, असं मी विचारलं. "तिथेच. भाकरी करत होती." आणि मग मी, वक्तृत्वात पहिली आलेली, काय विचारावं? विचारलं, मग जहाज?

"जहाज पण आहे," यमू म्हणाली.

बंब गुणगुणत होता. तिने मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू, पण एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "तुझ्या आईला सांगू नको. ती मंडळात सांगेल, मंडळाच्या बायका आमच्या बाईंशी बोलतील, मग मुलींना कळेल. शपथ घे. आईच्या गळ्याची." मी गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हटलं, "आईच्या गळ्याशप्पथ, आईला सांगणार नाही." मग तिने हात पुढे केले. नुसते हात आणि पाय. त्यांना मी उटणं लावलं. तेवढं तिने लावू दिलं.

हल्लीच्या मुलांना शपथेचे कायदे माहीत नसतात, म्हणून सांगते. आमच्या वेळी ते फार कडक होते. गळ्याची शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली तो माणूस मरायचा. त्यातून सुटका एकच. ज्याने शपथ घातली त्याने आपल्या तोंडाने 'सुटली' म्हणायचं. म्हणून काम झालं की मुली एकमेकींच्या मागे लागायच्या, सुटली म्हण ना, सुटली म्हण ना. समोरची खट असेल तर दोन-दोन दिवस म्हणायची नाही, आणि तोवर घरातलं कोणी खोकलं तरी जीव घाबरा व्हायचा. त्या चतुर्दशीला घाईत मी सुटली म्हणवून घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती, कारण ही शपथ मोडायची नव्हती. मला तेव्हा तसं मनापासून वाटत होतं. भाऊबीजेला आश्रमाच्या बाई तिला न्यायला आल्या. यमू जिन्याच्या तीन पायऱ्या उतरली, थांबली आणि म्हणाली, "येते गं ताई." पुढचे आठ दिवस मी हे वाक्य भेटेल त्याला सांगत होते. तेवढं सांगून थांबले असते तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

संक्रांतीनंतर मंडळाचं हळदीकुंकू असायचं. त्या वर्षी ते आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, आश्रमाच्या मदतीसाठी म्हणून मोठं करायचं ठरलं. आश्रमाच्या मुली स्वागतगीत म्हणणार, आणि पाच मिनिटं कुंदा बोलणार. आईने सांगितलं होतं, आश्रमाबद्दल चार चांगले शब्द बोल आणि आभार मान. चार चांगल्या शब्दांनी कोणाच्या डोळ्यांत पाणी येतं? मी आरशासमोर उभी राहिले आणि मला यमूची पाठ आठवली. शपथेचं मी विसरले नव्हते हो. उलट तिचा मी वकिलासारखा अभ्यास केला. शपथ आईला न सांगण्याची होती. आईला मी एका अक्षराने सांगणार नव्हतेच. मी सगळ्या अंधेरीला सांगणार होते. आता त्यात आई पहिल्या रांगेत बसलेली असेल, तर त्याला मी काय करू? शिवाय मी नाव घेणार नव्हते. केवढी माझी सभ्यता! आणि खरी गोष्ट पाच मिनिटांना पुरेना, फारच आटोपशीर होती ती. म्हणून मी तिच्यात भर घातली. दारू मी घातली. मुसळधार पाऊस मी घातला. भाकरी करणारी आई काही केल्या भाषणात बसेना, ती तिथे असली की ऐकणाऱ्याला कोणाची कीव करावी तेच कळत नव्हतं, म्हणून मी तिला पहिल्याच मिनिटात तापाने मारून टाकलं.

भाषण झकास झालं. हे मी फुशारकीने लिहीत नाही, तक्रार म्हणून लिहिते. एखादा शब्द जरी अडखळला असता तरी चाललं असतं. पण हात वेळेवर पुढे आला, कंप वेळेवर लागला. "गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक चिमुकली पाहुणी आली होती," अशी मी सुरुवात केली, आणि तिथेच सगळं संपलं, हे मला व्यासपीठावर उभं राहून कळलं नाही. नाव घ्यायची गरजच कुठे होती? दिवाळीत कोण कोणाकडे गेलं होतं ते आश्रमातल्या प्रत्येक मुलीला पाठ होतं. डाव्या बाजूला सतरंजीवर त्या बसल्या होत्या, निळ्या ठिपक्यांच्या एकाच ताग्याच्या फ्रॉकांत. मी उलथण्याशी आले आणि निळे ठिपके हलले. आधी एक मान वळली, मग दोन, मग सगळ्या. सगळ्या माना एकाच दिशेला. त्या दिशेला एक मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली होती. मी ते पाहिलं. पाहूनसुद्धा पुढचं वाक्य बोलले, कारण पुढच्या वाक्याला टाळ्या होत्या.

शेवटच्या रांगेतले लोकसुद्धा रडले. अध्यक्षबाईंनी मला पोटाशी धरलं. मदतीची पेटी भरली, एकीने तर हातातली अंगठी काढून टाकली. मुलींचं गाणं ऐकायला हिराबाय आली होती, ती रिकामी पाटी घेऊन दाराशीच उभी होती. लोक माझी पाठ थोपटत होते, म्हणून मी मोठ्या आशेने तिच्याही जवळून गेले. ती हळूच म्हणाली, "पोरी, आमी पन बाजारान वरडताव. पन आमी मासलीच इकताव गो." मला ते कळायला जिना उतरून खाली यावं लागलं. घरी जाताना आई माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिली. घरात शिरल्यावर पदर खोचता खोचता तिने विचारलं, "कुंदे, तिला विचारलं होतंस?" मी म्हटलं, नाव नाही घेतलं मी, आई. "मी ते नाही विचारलं," ती म्हणाली आणि तिळगुळाचे डबे घासायला बसली. मला रागावली नाही. रागावली असती तर मी त्यावरही काहीतरी बोलले असते.

त्यानंतर महिनाभरातच आईला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नावरची वासना उडालेली. फोडणीचा वास बंद झाला, अण्णा भात शिजवायचे आणि तो करपायचा. सुरुंग उडाले की डबे किणकिणायचे, पण पानं घ्या म्हणणारं कोणी नव्हतं. डॉक्टर येऊन गेले, शेजारणींनी मुळा, ऊस, गळ्यात बांधायची माळ, जे ज्याला सुचलं ते आणून दिलं. हे दुखणं कशाचं ते फक्त मला माहीत होतं. माझी सगळी वकिली दोन दिवसांत उतरली. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मला तिचा गळा दिसायचा. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी, अण्णांनी तिच्यासाठी आणलेल्या मोसंब्यांतली दोन दप्तरात घातली आणि फाटक ओलांडून आश्रमात गेले. मला पश्चात्ताप झाला होता असं लिहायला आवडलं असतं. पण मी गेले ती भीतीने. यमूला किती लागलं असेल हा विचार त्या दोन मैलांत मी एकदाही केला नाही.

यमू मागच्या पायरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर उभी राहिले. तिने वर पाहिलं आणि परत खडे वेचू लागली. मी मोसंबी पायरीवर ठेवली आणि सांगून टाकलं की आईला कावीळ झालीय, फार झालीय, तू सुटली म्हण. मी पुन्हा म्हटलं, "यमू, सुटली म्हण ना. आई मरेल गं."

"माझी आई कशाने मेली?" तिने विचारलं.

मला कळेना.

"भाषणात. कशाने मेली?"

"तापाने," मी म्हटलं. खरंच उत्तर दिलं, बाईंनी प्रश्न विचारल्यासारखं.

यमूने सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग तिने सांगितलं की तिची आई दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायला येते, कुरमुरे घेऊन. या खेपेला आली तेव्हा मुली तिला बघून खिदळल्या. मेलेली बाई आली, म्हणाल्या. आईला काही कळलं नाही, तीपण त्यांच्याबरोबर हसली. आणि जहाजाचं आता कोणी विचारत नाही. हे सांगताना तिचा आवाज कुठेही हलला नाही. तिच्यापाशी कंप नव्हताच. मी रडायला लागले, तर ती माझ्याकडे असं बघत होती, जसं पहिल्या दिवशी आमच्या घराकडे पाहिलं होतं, दारं कुठे कुठे आहेत ते.

"तुझी आई चांगली आहे," ती म्हणाली. "मला तेलाची वाटी दिली आणि निघून गेली. तिची सुटली."

मी डोळे पुसले. गुलाबाच्या फुलाच्या त्याच रुमालाने. "आणि माझी?"

"तुझी नाही." तिने सूप उचलून पाखडायला घेतलं. "मोसंबी घेऊन जा. ती आजारी माणसाची असतात."

खरं सांगायचं तर परत येताना मी फाटकापर्यंत उड्या मारत आले. आई वाचणार होती, मला तेवढंच हवं होतं. आई वाचलीही. डॉक्टरांनी पथ्याला श्रेय दिलं, अण्णांनी डॉक्टरांना. लाज मागाहून आली, सावकाश, पण आली ती मुक्कामालाच आली. पुढच्या दिवाळीत आश्रमाच्या बाईंनी पहिल्यांदाच मुलींना विचारलं, कोणाकडे जायचंय. यमूने आमचं घर नको सांगितलं. मी स्पर्धांत नाव द्यायचं सोडलं, त्यावर अण्णा म्हणाले, चला, आता दूध वेळेवर येईल. यमू शिकली, नर्स झाली, चेंबूरला नोकरीला लागली, हे मला आईकडून कळत गेलं. आईला तिची पत्रं यायची. तिच्या लग्नाची पत्रिका आली तीही आईच्या एकटीच्या नावाने. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या पत्रिकांवर असतो तो 'सहकुटुंब' हा शब्द तिच्यावर नव्हता. आईने ती मला वाचायला दिली, मी वाचली आणि परत पाकिटात घातली. आई एकटी जाऊन आली आणि तिथल्या जिलब्या पुडीत बांधून आणल्या. त्यातली एक मी खाल्ली. चोरून खाल्ल्यासारखी लागली.

मी आश्रमात जात राहिले. आधी आईची पिशवी धरायला, मग लग्न होऊन मुलुंडला गेले तरी तिथून. मी काही फार मोठं केलं नाही. एका ताग्याचे फ्रॉक बंद करायला मात्र मंडळाशी चार वर्षं भांडले, आणि प्रत्येक मुलीने दुकानात जाऊन आपलं कापड आपण निवडायचं, हे करून घेतलं. आता मंडळी माझा सत्कार करायला बघतात. मी शाल घेते, थंडीला उपयोगी पडते, पण भाषण करत नाही. लोकांना तो विनय वाटतो. आणि एक गोष्ट मला अजून कुठे ठेवावी कळत नाही. आधी आश्रमात मुली मागच्या अंगणात, तट्ट्याच्या आडोशाला, फ्रॉक अंगात ठेवूनच अंघोळ करायच्या. त्या हळदीकुंकवाला जी मदत जमली तिच्यातून तिथे चार न्हाणीघरं बांधली गेली. पक्की, दारांची, आतून कडीची. म्हणजे माझ्या त्या भाषणाची. मी कितीदा त्या दारांकडे बघून मनाशी म्हटलं आहे, बघ, झालं ना काहीतरी चांगलं. त्या दारांनी कधी मान डोलावली नाही.

आता नियम बदलले, मुली दिवाळीला कोणाच्या घरी पाठवत नाहीत, आणि ते बरंच आहे. म्हणून चतुर्दशीला सकाळी मीच तिकडे जाते. बंब गेले, गिझर आले, त्याला गुणगुणता येत नाही. माझं काम एवढंच, तेलाच्या वाट्या भरायच्या, दारातून आत द्यायच्या आणि टॉवेल घेऊन दाराकडे पाठ करून बाहेर उभं राहायचं. गेल्या दिवाळीला एक नवीन मुलगी होती, आठेक वर्षांची, नाव सांगत नाही. तिने वाटी घेतली, कडी लावली, ती नीट लागली का ते दोनदा ओढून पाहिलं. थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज आला. मग आतून तिने विचारलं, "आजी, तू बाहेरच आहेस ना?"

"बाहेरच आहे."

"आत नको येऊ."

"नाही येत."

पाणी थांबलं. "शप्पथ?"

माझा हात सवयीने गळ्याकडे गेला. गळा आता कोंबडीसारखा झालाय, कातडी चिमटीत सहज येते. मी हात खाली घेतला.

"शपथ नको गं बाई, माझी एक अजून सुटायची आहे," मी म्हटलं. "मी नुसतीच येत नाही."

मग तांब्या बादलीवर वाजला आणि पाणी पुन्हा पडायला लागलं.